लुक रेपसेट डीएमएफ: पोलो, व्हेंटो, रॅपिड १.५ टीडीआयच्या क्लचसाठी पैसे कुठे घालावेत

फोक्सवॅगनच्या चाकण कारखान्यातून बाहेर पडलेल्या पोलो, व्हेंटो आणि स्कोडा रॅपिड पुण्यात अजून भरपूर फिरतात. त्यातली १.५ टीडीआय डिझेल २०१४ मध्ये आली आणि एप्रिल २०२० ला बीएस-६ लागू झाल्यावर बंद झाली. म्हणजे यातल्या सगळ्यात तरुण गाडीलाही आता पाच वर्षं होऊन गेली. इंजिन दणकट आहे, पण पहिला क्लच संपण्याचं वय झालंय. गॅरेजमध्ये गेलं की ठरलेला प्रश्न येतो, नुसता क्लच सेट टाकायचा की फ्लायव्हील, म्हणजे क्लच ज्यावर बसतो ते इंजिनाचं जड चाकही बदलायचं? दोन उत्तरांतल्या खर्चाचा फरक मोठा असतो, कारण या गाड्यांचं फ्लायव्हील साधं ओतीव लोखंडी चाक नाही. ते ड्युअल मास फ्लायव्हील, म्हणजे डीएमएफ आहे आणि एकट्याची किंमत क्लच सेटच्या दुप्पट-तिप्पट भरते.

शेफलर कंपनीच्या लुक ब्रँडचं 'रेपसेट डीएमएफ' हे किट या कामासाठी बाजारात सहज मिळतं. एकाच खोक्यात डीएमएफ, प्रेशर प्लेट, क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग आणि फ्लायव्हीलचे नवे बोल्ट येतात. आमचं मत आधीच सांगून टाकतो: माल उत्तम आहे आणि डीएमएफ खरंच संपलं असेल तर हेच किट घ्या. पण 'संपलं असेल तर' हे मोजून ठरलं पाहिजे. न मोजता डीएमएफ बदलणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं, आणि संपलेल्या डीएमएफवर नवा क्लच चढवणं म्हणजे गिअरबॉक्स दुसऱ्यांदा उतरवण्याची तयारी. पुण्यात दोन्ही चुका सर्रास होतात.

आधी डीएमएफ करतं काय ते पाहू, म्हणजे पुढचं सगळं पटेल. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, एका फेऱ्यात दोन सिलिंडर फायर होतात. ८०० आरपीएमच्या आयडलला सेकंदाला साधारण सत्तावीस धक्के बसतात, आणि डिझेलचं कॉम्प्रेशन जास्त असल्यामुळे ते धक्के पेट्रोलपेक्षा कितीतरी कडक असतात. हेच धक्के सरळ गिअरबॉक्समध्ये गेले तर गिअरचे दात एकमेकांवर खडखडतात. डीएमएफमध्ये दोन वजनं असतात. एक क्रँकला बोल्टने घट्ट बसलेलं, दुसरं क्लचच्या बाजूला, बेअरिंगवर थोडं मोकळं फिरणारं. मध्ये कमानीच्या आकाराच्या लांब स्प्रिंगा ग्रीसमध्ये बसवलेल्या असतात. धक्का स्प्रिंगांत जिरतो आणि गिअरबॉक्सकडे जाणारी फिरकी बरीच गुळगुळीत होते. म्हणूनच या क्लच प्लेटला मधोमध त्या जाड डँपर स्प्रिंगा नसतात, त्यांचं काम फ्लायव्हील करतं. १.५ टीडीआयचा २३० ते २५० न्यूटन मीटर टॉर्क दीड हजार आरपीएमच्या आसपासच सुरू होतो, तेव्हा या स्प्रिंगांना विश्रांती फारशी मिळत नाही.

या रचनेची एक नाजूक जागा आहे. डीएमएफचा स्वतःचा रेझोनन्स, म्हणजे ज्या वेगाला ते आपोआप जोरात डुलायला लागतं तो टप्पा, आयडलच्या खाली असतो. इंजिन सुरू होताना आणि बंद होताना तो टप्पा झटकन पार व्हावा, एवढीच त्याची अपेक्षा. बॅटरी मेली असेल, स्टार्टर दमलेला असेल आणि इंजिन कण्हत कण्हत फिरत असेल, तर डीएमएफ त्याच टप्प्यात अडकून स्प्रिंगांवर आदळत राहतं. चौथ्या गिअरमध्ये हजार-बाराशे आरपीएमवर ओढत नेलेली गाडीही तेच करते. स्पीड ब्रेकर तिसऱ्यात पार करून पुढे तसंच रेमटवणं ही आपल्याकडची सवय क्लचपेक्षा डीएमएफला जास्त मारते. क्लच प्लेट मरते ती वेगळ्या कारणांनी. सोसायटीच्या बेसमेंट पार्किंगच्या चढावर हाफ क्लचवर धरून ठेवलेली गाडी, वाकड-हिंजवडीच्या रांगेत पायाखाली सतत दाबलेलं पेडल, रविवारी सिंहगडाच्या घाटात गर्दीत पुढे-मागे सरकणं. थोडक्यात, प्लेट उष्णतेने मरते आणि डीएमएफ धक्क्यांनी. उष्णता फार झाली की मात्र दोघंही एकदम जातात.

गाडी लिफ्टवर चढवण्याआधी तक्रार नेमकी कोणाची आहे ते ऐकून घ्या. चढावर, चौथ्या गिअरमध्ये दोन हजार आरपीएमवरून अॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. नवले पुलाकडून नव्या कात्रज बोगद्याकडे जाणारा चढ रहदारी नसताना या परीक्षेला सोयीचा आहे. आरपीएमचा काटा उसळला आणि वेग मागे राहिला, तर क्लच घसरतोय, प्लेट संपली. या गाड्यांत हायड्रॉलिक क्लच असल्यामुळे पेडलचा प्ले स्वतःच जुळत राहतो, त्यामुळे क्लच किती वर धरतो यावरून फारसं काही कळत नाही. आयडलला बोनेटखाली खडखड येते आणि पेडल दाबलं की बदलते, इंजिन बंद करताना 'धडाम' असा एक दणका बसतो, पहिल्या गिअरमध्ये निघताना अख्खी गाडी हलते, हे झालं तर संशय डीएमएफवर जातो. फक्त पेडल दाबल्यावर किरकिर येत असेल तर रिलीज बेअरिंग. पेडल सोडल्यावर न्यूट्रलमध्ये घरघर आणि दाबल्यावर शांतता, तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग बघा. तिथे क्लच किट टाकून काहीच साधणार नाही.

खडखड आणि थरथर यांचं खापर डीएमएफवर फोडण्याआधी स्कॅनर लावून चारही इंजेक्टरचं करेक्शन, म्हणजे प्रत्येकाचं डिझेल किती कमी-जास्त करावं लागतंय ते, बघायला सांगा. एक इंजेक्टर बिघडला की आयडल उड्या मारतं आणि डीएमएफ वाजायला लागतं. तो तसाच ठेवून नवं डीएमएफ बसवलं तर तेही लवकर जाईल. फाटलेलं इंजिन माउंट किंवा इंजिनाचं डुलणं रोखणारं खालचं पेंड्युलम माउंट हेही अगदी डीएमएफसारखा दणका देतं, आणि त्याची किंमत किटच्या मानाने किरकोळ असते. गाडीला रिमॅप, म्हणजे ताकद वाढवायला इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये बदल, केलेलं असेल तर ते मेकॅनिकपासून लपवू नका. वाढवलेला टॉर्क कारखान्याच्या मापाच्या क्लचला झेपत नसेल, तर तेच माप पुन्हा टाकून प्रश्न सुटत नाही.

आता मोजमापाकडे. गिअरबॉक्स खाली आला, जुनी प्रेशर प्लेट निघाली की डीएमएफ समोर दिसतं. पहिली तपासणी डोळ्यांनी होते. घर्षणाच्या तोंडावर फिकट सोनेरी झाक असेल तर काळजी नाही. एखादा निळा डाग म्हणजे कधीतरी थोडा वेळ तापलेलं, चालून जातं. पण रिव्हेटच्या भोवती, बाहेरच्या कडेला किंवा मागच्या बाजूला जांभळा-निळा पट्टा पसरलेला दिसला, बारीक तडे दिसले, तर ते फ्लायव्हील आतपर्यंत तापलंय. आतलं ग्रीस जळालेलं असणार. ते बदला. बेल हाउसिंगच्या, म्हणजे क्लच झाकणाऱ्या गिअरबॉक्सच्या घंटेसारख्या भागाच्या, आत ग्रीसचे काळे शिंतोडे वर्तुळात उडालेले असतील, तरीही तेच.

त्यानंतर दोन आकडे घ्यायचे. पहिला फिरण्याचा मोकळा कोन: क्रँक लॉक करून दुसरं वजन हाताने एका दिशेला स्प्रिंगचा जोर लागेपर्यंत फिरवायचं, खूण करायची, मग उलट दिशेला फिरवून किती अंश किंवा रिंग गिअरचे किती दात गेले ते मोजायचं. दुसरा आकडा डुलण्याचा: डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं घड्याळ) कडेला लावून वजन आत-बाहेर दाबायचं आणि मिलिमीटरमध्ये वाचायचं. प्रत्येक पार्ट नंबरची मर्यादा वेगळी असते. ती शेफलरच्या 'रेपएक्सपर्ट' या गॅरेजवाल्यांसाठीच्या संकेतस्थळावर पार्ट नंबर टाकून मिळते.

इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी. नव्याकोऱ्या डीएमएफलाही थोडा खेळ असतो. तो असायलाच हवा. 'बघा, हलतंय, गेलं' असं म्हणत हाताने डुलवून दाखवणं हा पुरावा नव्हे. उलट, हाताला घट्ट लागणारं डीएमएफ आत अडकलेलंही असू शकतं. डायल गेज नसलेल्या गॅरेजमध्ये हा निर्णय घेऊ नका. मोजमाप मर्यादेत असेल आणि डागही नसतील, तर डीएमएफ ठेवून नुसता क्लच सेट टाकणं पूर्ण शहाणपणाचं आहे, त्यात चिकूपणा काही नाही. मर्यादेच्या जवळ पोचलेलं असेल आणि गाडी अजून बरीच वर्षं ठेवायची असेल, तर मात्र आताच बदला. मजुरी एकच आहे, आणि गिअरबॉक्स दुसऱ्यांदा उतरवण्याची मजुरी कोणी परत देत नाही.

'लेथवर फेस मारून घेऊ' असं कोणी सुचवलं तर नाही म्हणा. साध्या फ्लायव्हीलला ते चालतं. डीएमएफवर शेफलर ते मान्य करत नाही.

आता मूळ किटबद्दल. रेपसेट डीएमएफ घेण्याचं आमच्या मते सर्वांत मोठं कारण म्हणजे सगळे भाग एकमेकांशी जुळवून दिलेले असतात. डीएमएफसाठी बिनस्प्रिंगची प्लेट, तिच्याशी जुळणारी प्रेशर प्लेट, योग्य लांबीचे बोल्ट. नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांतून भाग सुटे सुटे जमवले की इथेच गोंधळ होतो. साध्या फ्लायव्हीलची स्प्रिंगवाली प्लेट आणि डीएमएफ, किंवा उलट, अशा जोड्या बसतात खऱ्या, पण नीट चालत नाहीत. बिनस्प्रिंगची प्लेट साध्या फ्लायव्हीलवर चढवली की धक्के जिरवणारं कोणीच उरत नाही आणि गिअरबॉक्स पहिल्या दिवसापासून वाजतो. फ्लायव्हीलचे बोल्ट वेगळे विकत आणायची आठवण राहत नाही, म्हणून जुनेच परत घातले जातात. ते बोल्ट घट्ट करताना ताणले जातात. एकदा ताणलेला बोल्ट पुन्हा भरवशाचा राहत नाही. खोक्यात नवे असल्यामुळे हा मोह होत नाही.

किटमध्ये काय नाही हेही माहीत असू द्या, नाहीतर ऐन कामात गाडी लिफ्टवर अडकून पडते. रिलीज फोर्क, त्याचा बॉल पिन आणि इनपुट शाफ्टवरची गाइड स्लीव्ह वेगळी घ्यावी लागते. गाइड स्लीव्हवर नख फिरवून बघा. बेअरिंग सरकून सरकून तिथे खाच पडलेली असते. खाच नखाला लागली तर स्लीव्ह बदला, नाहीतर नवं बेअरिंग त्याच खाचेत अडकून पेडल खरखरीत लागेल. स्लीव्हमध्येच इनपुट शाफ्टचं ऑइल सील असतं, त्यामुळे ती बदलली की सीलही नवं होतं. या गाड्यांत क्लचचा स्लेव्ह सिलिंडर, म्हणजे पेडलचा दाब तेलातून घेऊन फोर्क ढकलणारा भाग, गिअरबॉक्सच्या बाहेर आहे. तो गळत नसेल तर पाइप न उघडता बोल्ट काढून बाजूला बांधून ठेवता येतो. फक्त तो सुटा असताना पेडलवर कोणी पाय देऊ नये, पिस्टन बाहेर येतो. ज्या इतर गाड्यांत स्लेव्ह सिलिंडर आणि बेअरिंग एकत्र आतच असतं, तिथे ते जोडीने बदलायचं असतं आणि त्यासाठी किटचा 'प्रो' प्रकार येतो. गिअर ऑइल सुमारे दोन लिटर लागतं. फोक्सवॅगनच्या स्पेसिफिकेशनचंच घाला, सरसकट 'नव्वद नंबर' नको. ड्राइव्ह शाफ्टचे आणि पेंड्युलम माउंटचे बोल्टही नवे आणून ठेवा.

क्रँकच्या मागच्या ऑइल सीलबद्दल जरा थांबून सांगतो, कारण इथे चांगले मेकॅनिकही घसरतात. 'गिअरबॉक्स उतरवलाच आहे तर सीलही टाकून देऊ' हा सल्ला बहुतेक गाड्यांना बरोबर असतो. या इंजिन कुटुंबात मात्र मागचं सील, त्याचा फ्लँज आणि क्रँक सेन्सरची चकती हे एकत्र बसतात. ते बसवायला खास टूल लागतं, कारण चकतीची जागा सेन्सरच्या हिशोबाने अचूक यावी लागते. सीलची ओठासारखी कड पीटीएफईची (टेफ्लॉनची) असते, तिला तेल लावायचं नसतं, कोरडीच बसवायची असते. सवयीने बोटाने तेल फिरवलं की गळती तिथूनच सुरू. सील कोरडं ठणठणीत असेल तर हात लावू नका. ओलं असेल तर टूल असलेल्या गॅरेजकडूनच बदलून घ्या, कारण तेल नव्या प्लेटवर आलं की किटचे पैसे गेले.

माल अस्सल आहे की नाही हे बघणं पुण्यात फार गरजेचं आहे. लुकच्या नावाचा बनावट माल फिरतो. शेफलरच्या खोक्यावर प्रत्येक नगासाठी वेगळा डेटा मॅट्रिक्स कोड असतो, तो कंपनीच्या 'ओरिजिनचेक' अॅपने दुकानातच, पैसे देण्याआधी स्कॅन करा. नंबरांवरूनही अंदाज येतो: नुसतं डीएमएफ असेल तर पार्ट नंबर ४१५ ने सुरू होतो आणि डीएमएफसहित किट ६०० ने. पोलोचा नंबर व्हेंटोला लागेलच असं समजू नका. गाडीचा चासी नंबर देऊन कॅटलॉगमधून नंबर काढा आणि जुन्या फ्लायव्हीलवरच्या नंबराशी ताडून बघा. बिल पक्कं घ्या, त्यावर पार्ट नंबर लिहून घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून सगळ्या वाहनभागांवर जीएसटी सरसकट १८ टक्के आहे. आधी अनेक भागांवर तो २८ टक्के होता, त्यामुळे जुन्या कोटेशनवर जाऊ नका, नवं मागा. 'बिलाशिवाय घेतलं तर स्वस्त' या वाटेने गेलात की वॉरंटी पहिल्याच पायरीवर संपते.

पर्यायांचंही प्रामाणिकपणे बोलू. झेडएफचा साक्स ब्रँड डीएमएफ आणि क्लचमध्ये तोलामोलाचा आहे. तुमच्या चासी नंबरासाठी तो आधी मिळत असेल तर बिनधास्त घ्या. व्हॅलिओचं '४केकिट' ही वेगळी कल्पना आहे. त्यात डीएमएफ काढून टाकून जागी कडक, एकसंध फ्लायव्हील येतं आणि धक्के जिरवण्यासाठी लांब चालीच्या स्प्रिंगांची प्लेट दिलेली असते. विचार करून बनवलेली वस्तू आहे. पुढच्या वेळी फ्लायव्हील बदलावं लागत नाही, त्यामुळे रोज टॅक्सीसारखी पळणारी गाडी असेल तर हिशोब पटतो. घरच्या गाडीला आम्ही ती सुचवणार नाही. प्लेटमधल्या स्प्रिंगांना जागा कमी असते, डीएमएफच्या कमानी स्प्रिंगांइतका धक्का त्या जिरवू शकत नाहीत. कमी आरपीएमवर गिअरबॉक्सची खडखड आणि पायाखालची थरथर जाणवते आणि गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर भार वाढतो.

याहून वाईट म्हणजे दुसऱ्याच गाडीचं फ्लायव्हील लेथवर कातून 'सॉलिड करून देतो' असं सांगणारे. त्यात बॅलन्सिंगचा पत्ता नसतो. सेकंदाला पन्नासहून जास्त फेरे घेणारं दहा किलोंच्या घरातलं लोखंड पायाजवळ असताना ही काटकसर करू नका. रिकंडिशन केलेलं डीएमएफही टाळा. स्प्रिंगा आणि ग्रीस आत बंद असतात, उघडून पुन्हा बंद केलेल्या नगाचा मोकळा कोन काही दिवस बरा दिसतो आणि पुढे काय होईल ते कोणालाच सांगता येत नाही.

किट कितीही चांगलं असलं तरी बसवणारा हात महत्त्वाचा, म्हणून गॅरेज निवडताना कामाच्या या जागा विचारा. इंजिन वरून सपोर्ट बारला टांगतात का, की खाली लाकडाचा ठोकळा लावतात? गिअरबॉक्स उतरवायला ट्रान्समिशन जॅक आहे का? परत चढवताना गिअरबॉक्सचं वजन इनपुट शाफ्टवर, म्हणजे पर्यायाने क्लच प्लेटवर लटकलं, की प्लेट वाकते. वाकलेली प्लेट नीट सुटत नाही, रिव्हर्स टाकताना गिअर करकरतो, आणि मग दोष किटला दिला जातो. बसवण्याआधी प्लेटचा डुलाव मोजणारा मेकॅनिक भेटला तर त्याला सोडू नका. अर्ध्या मिलिमीटरच्या आत असायला हवा.

नवं डीएमएफ हातातून पडलं तर ते बसवायचं नाही, लुकचा तसा स्पष्ट नियम आहे. बोल्ट आडव्या-तिडव्या क्रमाने, टॉर्क रेंचने. फोक्सवॅगनच्या या इंजिनांना फ्लायव्हीलचे बोल्ट आधी ६० न्यूटन मीटर आणि वर ९० अंश फिरवायचे असतात. इम्पॅक्ट गन इथे वर्ज्य. प्रेशर प्लेटच्या तोंडावर गंज न चढण्यासाठी लावलेला पातळ थर असतो, तो ब्रेक क्लीनरने पुसून काढायचा, तोच क्लीनर फ्लायव्हीलच्या तोंडावर. जुन्या क्लचची धूळ कॉम्प्रेसरने फुंकायची नाही, ओल्या फडक्याने टिपायची आणि मास्क लावायचा. प्लेटवर 'गेट्रीबेझाइटे' असं जर्मन शिक्का मारलेलं असतं, म्हणजे गिअरबॉक्सकडची बाजू. उलटी बसली तर क्लच सुटतच नाही. इनपुट शाफ्टच्या स्प्लाइनवर, म्हणजे प्लेट जिथे बसते त्या दातांवर, अगदी थोडं ग्रीस लावून प्लेट एकदा सरकवायची आणि बाहेर आलेलं सगळं पुसायचं. जास्त ग्रीस फिरताना प्लेटच्या लायनरवर, म्हणजे घर्षणाच्या थरावर, उडतं आणि मग निघताना गाडी थरथरते.

प्रेशर प्लेट अलाइनमेंट टूलने मध्यावर धरून, सगळे बोल्ट एकेक फेरा आळीपाळीने आवळत आणायची. एक बाजू आधी पूर्ण आवळली तर डायफ्रॅम वाकतो. किटमधली प्रेशर प्लेट स्वतः जुळवून घेणारी, एसएसी प्रकारची असेल तर तिला दाबून धरणारं वेगळं टूल लागतं. त्याशिवाय बसवलं की आतलं जुळवणीचं कडं आधीच फिरून बसतं आणि पेडल पहिल्या दिवसापासून विचित्र लागतं. गिअरबॉक्स हाताने सरकून बेल हाउसिंगला पूर्ण चिकटला पाहिजे. फट राहिली असताना बोल्टने ओढून घेतला की डॉवेल (जागा धरणारी पिन) किंवा हाउसिंगचा कान तुटतो. मग एम-१२ बोल्टना ८० आणि एम-१० ला ४० न्यूटन मीटर.

लिफ्ट आणि दोन अनुभवी हात असतील तर हे एका दिवसाचं काम आहे. 'चार तासांत देतो' म्हणणाऱ्याने वरच्या कुठल्या पायऱ्या गाळल्या ते विचारा. क्लचचं हायड्रॉलिक ब्रेकच्याच टाकीतून तेल घेतं. पाइप उघडला असेल तर डॉट-४ घालून प्रेशर ब्लीडरने हवा काढायची, पेडल जोरजोरात मारून नव्हे. तेल दोन वर्षांहून जुनं असेल तर याच वेळी पूर्ण बदलून घ्या.

गाडी ताब्यात घेताना इंजिन गरम होऊ द्या आणि मग बघा: आयडलला पेडल सावकाश दाबताना आवाज बदलतो का, रिव्हर्स न करकरता पडतो का, इंजिन बंद करताना दणका बसतो का. चढावर थांबवून पहिल्यात उचला, थरथर नको. सुरुवातीचे काही शे किलोमीटर लायनर बसू द्या. भरलेल्या गाडीने खंडाळा किंवा ताम्हिणीचा घाट, हाफ क्लचवर धरणं, जोरात सोडणं एवढं तेवढ्यापुरतं टाळा. आठवड्याने ब्रेक ऑइलची पातळी आणि बेल हाउसिंगच्या खालची कड कोरडी आहे ना ते एकदा बघून घ्या.

आणि जुनं डीएमएफ गॅरेजमध्ये सोडून येऊ नका. मोजमापाचे आकडे जॉब कार्डवर लिहून घ्या, जुना नग गाडीच्या डिकीत टाकून घरी आणा आणि भंगारात देण्याआधी त्याच्या तोंडावर ग्राइंडरचा खोल आडवा काप मारा, म्हणजे तोच नग धुऊन-पुसून रिकंडिशन म्हणून दुसऱ्या कोणाच्या गाडीत जाणार नाही.